काळे वासे

“हात काढ त्या भिंतीवरून! आधी हात काढ!”

गॉर्डन पेटिफर रस्त्यापलीकडून ओरडत आले तेव्हा माझ्या एका हातात छिन्नी होती, दुसऱ्या हातात हातोडी, आणि पेअर ट्री हाऊसच्या दर्शनी भिंतीवरचा ताटलीएवढा सिमेंटचा टवका नुकताच माझ्या बुटांवर पडला होता.

“कोणाला विचारून फोडलंस?”

“ओल कुठून येते ते शोध, असं तुम्हीच म्हणालात.”

“शोध म्हणालो. फोड नाही म्हणालो. ही तीनशे वर्षांची वास्तू आहे, तुझ्या गावच्या शेताचा बांध नाही.”

मी गप्प बसले. म्हणजे तोंडानं गप्प बसले. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, हे आमच्या घरात मी पाळण्यात असल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी बाजूला सरले आणि त्यांना ते भोक दाखवलं. सिमेंटमागे ओक लाकडाचा खांब होता. ओक म्हणजे असं लाकूड की खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकतो. मी त्यांच्यादेखत त्यात तर्जनी खुपसली. ओल्या रव्यात जावी तशी ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. पेटिफरांनी ते पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग ते गाडीच्या किल्ल्या शोधायला लागले.

“बुजव ते,” म्हणाले, “आणि साडेपाचला ऑफिसात ये.”

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. विजयदुर्गजवळच्या एका वाडीतली मी. बाबा खाडीतल्या शिंपल्यांचा चुना भाजायचे. मुंबईत आर्किटेक्चर शिकले, शिष्यवृत्तीवर इंग्लंडला आले आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीत त्या परगण्यात ज्यांचा शब्द शेवटचा मानायचे, त्या पेटिफरांकडे नोकरीला लागले. त्या देशात राहण्याचा माझा परवाना त्या नोकरीवर आणि त्यांच्या सहीवर होता. लोटणकर हे माझं आडनाव म्हणताना तिथल्या लोकांची जीभ वळायची नाही, म्हणून मी सगळ्यांसाठी नुसती कुंदा.

पेअर ट्री हाऊसमध्ये मिसेस टटल राहायची. आयव्ही टटल, वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, त्या घरात एकेचाळीस वर्षं. घर तिचं नव्हतं. गावातली अशी चार घरं एका ट्रस्टच्या मालकीची होती आणि ट्रस्टचा नियम जुना होता: भाडेकरूनं घर नीट राखावं आणि मरेपर्यंत राहावं, हेळसांड केली तर घर सोडावं. आता दर्शनी भिंत फुगली होती, वरचा मजला रस्त्याकडे कलला होता, आणि हेळसांड कोणाची हे नऊ दिवसांनी ट्रस्टच्या सभेत ठरायचं होतं. ठरवायचं पेटिफरांच्या अहवालावरून. अहवालाचा मसुदा मीच टाइप केला होता. म्हातारी खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळत घालते, दिवसभर किटली उकळत ठेवते, छप्पर गळतं ते कळवत नाही. त्या वाफेनं आणि गळतीनं सांगाडा कुजला. सगळा दोष किटलीचा!

खरं काय ते मी त्या दिवशी बोट घालून पाहिलं होतं. ही घरं म्हणजे ओकचा सांगाडा आणि मधे कूड. अगदी आपल्या कोकणातल्यासारखा कूड, फक्त कारवीच्या जागी हेझलच्या काठ्या. माती, गवत, शेण आणि वरून चुना. चुन्यातून ओल येते तशी जाते. पण अडुसष्ट साली कोणा शहाण्यानं या भिंतीवर बोटभर जाड सिमेंट थापलं. ओल आत गेली ती आतच राहिली. पंचवीस वर्षं लाकूड ओल्या कपड्यात बांधून ठेवल्यासारखं कुजत राहिलं. तो शहाणा कोण, हे ऑफिसातल्या जुन्या फाइलमध्ये होतं. नकाशाखाली सही होती जी. पेटिफर.

भोक बुजवायला मी चुना कालवत होते तेव्हा मिसेस टटल दारात आली. बुटकी, रुंद हाडाची, पुरुषी लोकरी मोजे घातलेली. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण ती मला पहिल्या दिवसापासून ‘तू’च म्हणत होती हे माझ्या कानाला बरोबर कळायचं.

“ओरडून गेला ना? त्याचा बापही असाच ओरडायचा. आत ये. चहा घे.”

“किटली चढवू नका,” मी म्हणाले. “भिंत पडेल.”

ती खो खो हसली. मला हसू येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं. सिमेंट, सही, अहवाल, सभा. ती ऐकत होती आणि पावाला लोणी लावत होती.

“म्हणजे मला काढणार,” ती म्हणाली.

“नाही काढणार. मी लाकडाचा तुकडा काढून ठेवलाय. पण त्यांनी छप्पर गळतं असंही लिहिलंय. मला वर जाऊन छप्पर पाहावं लागेल. वर कोरडं असलं तर त्यांचा अर्धा अहवाल तिथंच कोसळतो.”

लोण्याची सुरी थांबली.

“वर काही नाही.”

“पाहिल्याशिवाय मी कसं सांगू?”

“कोरडं आहे. मी सांगते ना.”

“मिसेस टटल, तुम्ही सांगून कोण ऐकणार? तुमच्यावरच तर आरोप आहे.”

ती सुरी हातात घेऊनच उठली. जिना चढायला लागली. वरच्या खोलीत भिंतीला लागून एक अवजड कपाट होतं. आम्ही दोघींनी खांदा लावून ते सरकवलं. मागे लहानसं दार. त्याच्या फटी रंगानं बुजवलेल्या. तिनं लोणी लावलेल्याच सुरीनं रंग कापला.

मी टॉर्च घेऊन आत शिरले आणि गुडघ्यांवर तशीच थांबले.

छप्पर कोरडं ठणठणीत होतं. आणि काळं होतं. वासे, तुळ्या, आढं, सगळं काळं कुळकुळीत. आमच्या घरी चुलीवरचे वासे असायचे तसं, तेल प्यायल्यासारखं चकचकीत काळं. आता विचार करा, ज्या माळ्यावर कधी चूल नव्हती तिथले वासे काळे कसे? तर पूर्वी हा माळा नव्हताच. वरचा मजलाही नव्हता, धुराडंही नव्हतं. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच उंच खोली, मधे जमिनीवर पेटवलेला विस्तव, आणि धूर आपला छपरातून वाट काढत जायचा. मजला आणि धुराडं मागाहून घातलं आणि ते जुनं छप्पर वर तसंच दडून राहिलं. पेटिफरांनी या घरावर पुस्तक लिहिलं होतं. त्यात घर बांधल्याचं वर्ष सोळाशे ऐंशी दिलं होतं. मी जे पाहत होते ते त्याहून अडीचशे वर्षं जुनं होतं. मी एका वाशावरून बोट फिरवलं, ते काळं झालं.

“झालं बघून?” मागून मिसेस टटल म्हणाली. “आता विसर.”

“तुम्हाला माहीत आहे हे काय आहे?”

“माझा नवरा लेन कौलं बसवायला वर चढला होता बावन्न साली. तो खाली आला तो कोळसेवाल्यासारखा दिसत होता. त्याला कळलं. त्याच दिवशी आम्ही कपाट इथं आणलं.”

“पण का? हे किती दुर्मीळ आहे! अशी घरं हाताच्या बोटांवर...”

“म्हणूनच.” ती पलंगाच्या काठावर बसली. “माझी मावसबहीण होती मेबल, पलीकडच्या गावात. तिच्या भिंतीवरच्या कागदाखाली एक जुनं चित्र निघालं. आधी दोन माणसं आली बघायला. फार गोड माणसं. मग सहा आली. मग तिनं शेगडी पेटवायची नाही असं ठरलं, धुरानं चित्र खराब होतं म्हणून. मग खुर्ची तिथं ठेवायची नाही. वर्षभरात मेबल मुलाकडे गेली राहायला. तिथंच मेली. चित्र अजून मजेत आहे.”

मी टॉर्च बंद केला.

“तू सिमेंटचं सांग. सिमेंट खरं आहे आणि तेवढं पुरे आहे. छप्पर कोरडं आहे एवढंच सांग. रंगाचं बोलू नकोस. कबूल?”

“कबूल.”

“शपथ?”

मी लहानपणी घ्यायचे तशी गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली. ती पाहतच राहिली. मग तिनंही स्वतःच्या सुरकुतलेल्या गळ्याला चिमटा घेतला, आणि आम्ही दोघींनी कपाट परत ढकललं.

साडेपाचला पेटिफर ऑफिसात खुर्चीवर रेलून बसले होते. मी लाकडाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि अडुसष्टची फाइल शेजारी ठेवली. त्यांनी फाइलीला हात लावला नाही.

“त्या काळी सगळेच सिमेंट वापरत होते,” ते म्हणाले. “तेव्हा तेच उत्तम समजलं जायचं.”

“मग तसं लिहा.”

“कुंदा, तुझा परवाना मार्चमध्ये संपतो ना?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“काहीच नाही. मी फक्त विचारलं.”

असं असतं त्यांचं. शिवी नाही, हात उगारणं नाही. नुसतं विचारायचं. मी फाइल उचलून काखेत मारली आणि बाहेर पडले. बसस्टॉपवर उभी राहून मी मराठीत मोठमोठ्यानं जे काही बोलले ते तिथल्या एका कुत्र्याशिवाय कोणाला कळलं नाही, आणि तेही रस्ता ओलांडून गेलं.

सभा दुपारी तीनला गावच्या हॉलमध्ये होती. पाच विश्वस्त, लांब टेबल, कपबशा. अध्यक्ष मिसेस लेसी. स्वतःचे घोडे, स्वतःचं रान आणि सुताराला काम शिकवेल अशी बाई. मिसेस टटल चांगला निळा कोट आणि हातमोजे घालून पहिल्या रांगेत बसली होती. पेटिफरांनी अहवाल वाचला. छान वाचला. ‘खेदानं नमूद करावं लागतं’ असं तीनदा म्हणाले. मग मिसेस लेसींनी विचारलं, “कोणाला काही बोलायचंय?”

मी उभी राहिले. बिस्किटांच्या डब्यातून लाकूड काढलं, सिमेंटचा टवका काढला, नकाशा उघडून सहीच्या बाजूनं टेबलावर पसरला. छप्पर मी स्वतः पाहिलंय, तिथं एक थेंब ओल नाही, हेही सांगितलं. पाच मिनिटांत संपवलं. आवाज चढवला नाही. मिसेस लेसींनी लाकडाचा तुकडा उचलला, अंगठा आणि बोटात धरून दाबला. त्याचा भुगा त्यांच्या बशीत पडला.

“हे कपडे वाळत घातल्यानं होत नाही, गॉर्डन,” त्या म्हणाल्या.

पेटिफर लाल झाले. विश्वस्तांनी माना जवळ आणल्या, कुजबुजले. दोन मिनिटं लागली असतील.

“मिसेस टटल, तुमच्यावरचा हेळसांडीचा ठपका आम्ही काढून टाकतो आहोत. भिंतीची दुरुस्ती ट्रस्ट करेल. तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मला वाईट वाटतं.”

मिसेस टटलनं मान हलवली आणि पर्स उचलली. मीही कागद गोळा करायला लागले.

“एक मिनिट,” पेटिफर म्हणाले. “ठपक्याचं राहू द्या. पण नोंदीत एवढं असावं की हे मत एका छिन्नीवरून बनलेलं आहे. मी या घराचा तीस वर्षं अभ्यास केलाय. त्यावर पुस्तक लिहिलंय. कुंदा मेहनती मुलगी आहे, पण आपली घरं समजायला तिला अजून वीस वर्षं लागतील. त्यांच्याकडे शेणामातीच्या झोपड्या असतात. दोष तिचा नाही.”

दोन विश्वस्त हसले. वाईटपणे नव्हे, सभ्यपणे, कपाआड.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेणामातीच्या! ज्या भिंतीसाठी हा माणूस पुस्तकं लिहितो ती भिंत कशाची होती? बाबांचे चुन्यानं फुटलेले हात मला दिसले.

“तीस वर्षं?” मी म्हणाले. “तीस वर्षांत तुम्ही एकदा तरी वर चढलात? तुमच्या पुस्तकात बाराव्या पानावर घराचं वर्ष चुकलंय. सोळाशे ऐंशी म्हणे! वरचे वासे काजळीनं काळे आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मजला घालायच्या आधीचे. खाली विस्तव पेटत होता तेव्हाचे. घर चौदाशे तीसच्या आसपासचं आहे. शेणामातीच्या घरात वाढले म्हणून मला ते दारातच कळलं. तुम्हाला तीस वर्षांत कळलं नाही!”

हॉलमध्ये कोणी कप खाली ठेवला तेवढाच आवाज झाला. पेटिफरांचं तोंड उघडंच राहिलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सहा महिन्यांचा अपमान त्या एका क्षणात भरून निघाला. मिसेस लेसी उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे चमकत होते.

“चौदाशे तीस? आपल्या गावात? मिसेस टटल, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“हो. एकेचाळीस वर्षं.”

“मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?”

“कारण तुम्ही आला असता,” मिसेस टटल म्हणाली.

ती हातमोजे चढवत होती, एकेक बोट सावकाश. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. आधी दोन माणसं आली, मग सहा. छायाचित्रं निघाली. लाकडाचे नमुने तपासले गेले, आणि साल चौदाशे एकतीस आलं. मग ट्रस्टनं ठरवलं की असं घर राहतं ठेवणं ही त्या वास्तूची हेळसांड होईल. हाच शब्द वापरला. मधला मजला काढून जुनं दालन पुन्हा उंच करायचं, लोकांना बघायला खुलं करायचं. मिसेस टटलला शहरात नवाकोरा फ्लॅट देण्यात आला, लिफ्टचा. तिच्या सोयीसाठी. पेटिफरांनी मला काढून टाकलं होतं, पण ट्रस्टनं दुसऱ्याच आठवड्यात त्या कामावर मला घेतलं. परवाना वाढला. माझं पहिलं भाषण, पहिलं पुस्तक, पुढची सगळी नोकरी त्या छपरातून निघाली.

मी तिला त्या फ्लॅटवर भेटायला गेले होते, एकदाच. तिनं दार अर्धं उघडलं.

“मला राग आला होता,” मी म्हणाले. “तो काय बोलला ते तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. मी तिथंच होते. माझा निकाल लागला होता, कुंदा. मी पर्स उचलली होती.”

“मला माफ करा.”

“त्या माणसाला मी पंचवीस वर्षं ओळखते. खोटारडा आहे आणि भित्रा आहे. त्याला मी पुरून उरले असते. त्यानं फक्त माझ्याबद्दल खोटं सांगितलं होतं.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तू भांडायचं होतंस तर त्याच्याशी भांडायचं. बाहेर रस्त्यावर गाठून त्याच्या थोबाडीत मारायची. माझं घर कशाला फेकून मारलंस त्याला?”

तिनं दार लावून घेतलं.

आजही कोणी आमच्या मातीच्या घरांना हसलं तर माझं डोकं तसंच फिरतं. राग खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण तो त्या दिवशी माझा होता, माझ्या अपमानाचा होता, आणि मी तो तिच्या जिवावर काढला. तिच्यासाठी बोलायला गेले होते ते बोलून झालं होतं. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य माझ्यासाठी होतं. याची मला इतकी चीड येते की तीस वर्षांनीही भाषणाआधी लोक माझी ओळख करून देताना पेअर ट्री हाऊसचं नाव घेतात तेव्हा मला उठून निघून जावंसं वाटतं. मी जात नाही. हसते आणि माइक घेते.

ती घर सोडून गेली तो शनिवार होता, मार्चमधला. मला तारीख माहीत होती. माझं काम त्या दिवशी नव्हतं, तरी घरी बसवेना, म्हणून मी सकाळीच येऊन माळ्यावर चढले होते आणि तिला तोंड दाखवायला नको म्हणून तिथंच बसून राहिले होते. खालून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. ट्रक कोणी मागवला नव्हता, आवाजावरून कोणाची तरी स्वतःची गाडी दारात येऊन थांबली होती. मग जिन्यावर पुरुषाचा आवाज आला आणि मी ओळखला. पेटिफर होते. त्यांना कोणी बोलावलं होतं, की ते आपणहून आले होते, मला आजतागायत माहीत नाही.

“सावकाश, आयव्ही. माझ्या हाताला धर. पायरी उंच आहे.”

“मला माहीत आहे पायरी केवढी आहे,” ती म्हणाली. पण तिनं हात धरला असावा, कारण पावलं दोघांची बरोबरच खाली गेली.

मी फळीच्या फटीला डोळा लावला नाही. खालीही गेले नाही. टेपचं टोक सातव्या वाशाला लावून धरलं, रुंदी वाचली आणि वहीत लिहिली. गाडीचं दार लागलं, गाडी सुरू झाली, आणि मी आठवा वासा मोजायला घेतला.